हात विसरतो का? पोहणं, पागणं आणि वय

खाडीकाठची_वैनी | 18 मे

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे, आणि खरं तर दोन आहेत, पण घरात दोन्ही एकाच वेळी चाललेत त्यामुळे माझ्या डोक्यात त्यांचा एकच गुंता झालाय.

मी मूळची गडहिंग्लजकडची. लग्न होऊन आंबोलीचा घाट उतरून इकडे देवबागला आले त्याला 19 वर्षं झाली. घराच्या एका अंगाला कर्लीची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि मला पोहता येत नाही. माहेरी विहिरीत मुलगे उड्या मारायचे, आम्ही मुली काठावर धुणं धुवायचो, आम्हाला कुणी उतर म्हटलंच नाही. आता वय 44. शाळेला सुट्टी पडल्यावर लेकीला (वय 8) तिच्या काकानं पाठीला दोन सुके नारळ बांधून पाण्यात सोडलं, आठ दिवसांत नारळ सुटले आणि आता ती हाका मारून मारून दमलं तरी बाहेर येत नाही. तिच्याबरोबर मीही उतरले. भरतीचं पाणी, कंबरेएवढं, दीर शेजारी उभा. मला तीन आठवडे झाले. पाय सुटले की अंग लाकडासारखं ताठ होतं, मान वर जाते, पाय खाली जातात, नाकात पाणी. दीर बिचारा मनापासून सांगतो, हात असा मार, कोपर वर, पाय गुडघ्यात वाकवू नको, श्वास बाजूला घे, आता हे सगळं आठवेपर्यंत मी बुडालेली असते. रात्री अंथरुणात पडून मला सगळं पाठ म्हणता येतं पण पाण्यात शून्य.

दुसरा प्रश्न सासऱ्यांचा. वय 72. पाच महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. आता काठी घेऊन चालतात, बोलणं साफ आहे, उजव्या हाताची बोटं थोडी उघडतात, मनगट थोडं उचलतं. दहा वर्षांचे असल्यापासून पागायला, म्हणजे जाळं फेकून मासे पकडायला, जाणारा माणूस. दवाखान्यात व्यायाम दाखवला होता, रबरी चेंडू दाबायचा वगैरे, तो महिनाभर केला आणि सोडून दिला. परवा पडवीत बसून त्यांनी स्वतःचं पागायचं जाळं मागून घेतलं. सगळं डाव्या हाताने केलं, उजवा हात मांडीवर पडून राहिला, त्याच्याकडे बघत म्हणाले, "हात इसारलो." मला तेव्हापासून चैन नाही. कारण तेच सासरे लेकीला अगदी बारकाईनं सांगतात की दोरी मनगटाला कशी बांधायची, काठ कुठे दातात धरायचा, जाळं खांद्यावर किती घ्यायचं, कंबर कधी वळवायची. म्हणजे डोक्यात सगळं आहे आणि हातात नाही. आणि माझंही तेच की! डोक्यात आहे, अंगात नाही.

तर हे शिकलेलं नक्की राहतं कुठे? हात खरंच विसरतो का? आणि वय झालं की नवीन शिकणं आणि गेलेलं परत आणणं दोन्ही सोडून द्यायचं असतं का? जाऊबाई म्हणतात वयातलं वयातच होतं. कुणाला अनुभव असेल तर सांगा.


देवगडचो_पागी | 18 मे

वैनी, आधी पोहण्याचं. एकटी उतरू नका आणि ओहोटीला तर अजिबात नको, कर्लीच्या तोंडाशी ओढ कशी असते ते दिराला माहीत असेलच. भरती भरत आली की त्या तासाभरातच काय ते करा.

सासऱ्यांचं वाचून वाईट वाटलं. मी सात वर्षांचा असताना आजोबांबरोबर पागायला जायला लागलो. आजो कधी काय सांगायचो नाय, नुसतो "परत मार" म्हणायचो. अंगणात मारायला लावायचा, मग पुळणीवर, मग गुडघाभर पाण्यात, मग होडीत उभं करून. वाऱ्यात, बिनवाऱ्याचं, ओलं जाळं, सुकं जाळं. पहिलं वर्षभर जाळं काठीसारखं लांबडं पडायचं, गोल उघडायचंच नाही. आणि एक दिवस उघडलं. मी काय वेगळं केलं ते मला आजही सांगता येणार नाही, पोराला शिकवताना तोंडातून शब्दच येत नाहीत, मी मारून दाखवतो आणि म्हणतो बघ. तुमचे सासरे सांगू शकतात ही मोठी गोष्ट आहे, आमच्यासारख्यांना तेवढंही जमत नाही.


तांबडी_माती | 18 मे

मी स्पष्ट लिहितो, राग मानू नका. लहानपणी हाडं कोवळी असतात, भीती नसते, तेव्हा सगळं येतं. मी 41व्या वर्षी सायकल शिकायला घेतली, दोन महिने रोज सकाळी क्रीडांगणावर जायचो, गुडघे फोडून घेतले आणि सोडून दिली. शेजारचं सहा वर्षांचं पोर तिसऱ्या दिवशी सुसाट. प्रत्येक गोष्टीचं वय असतं हे मला पटलंय. सासऱ्यांना उगाच आशा लावू नका, आशा मोडली की माणूस आणखी खचतो, आमच्या घरी बघितलंय.


हर्णैची_सुगरण | 19 मे

तांबडी माती, तुमच्या घरी काय झालं ते माहीत नाही म्हणून त्यावर बोलत नाही, पण वयाचं पटलं नाही. मी 52 वर्षांची होईपर्यंत उकडीचा मोदक केला नव्हता. सासूबाई होत्या तोवर मी फक्त सारण करायची आणि उकड मळायची, पाकळ्या त्याच काढायच्या, एका मोदकाला 21. त्यांची नजर गेली तेव्हा मोदक माझ्याकडे आले. पहिल्या वर्षी गणपतीला जे काही झालं त्याला मोदक म्हणवत नव्हतं, पारी जाड, कळ्या तीनच, त्यापण फाटलेल्या. मी सारखी बोटांकडे बघायची, अंगठा कुठे, तर्जनी कुठे, मधलं बोट आत किती. सासूबाईंना दिसत नव्हतं पण माझे हात चाचपून म्हणाल्या, बोटांकडे नको बघूस गो, पारीच्या कडेकडे बघ, कड पातळ होतेय का तेवढंच बघ. तेवढ्या एका वाक्याने माझा हात सुटला. मग दर संकष्टीला 11 करायचे ठरवलं, वर्षभर. आता 61 आहे, पारी पातळ आणि 15 पाकळ्या न बघता पडतात, टीव्ही बघत बघत.

वैनी, तुम्हाला पाण्यात कुणी असं एकच काहीतरी सांगायला पाहिजे. ते चार-पाच सूचनांचं गाठोडं फेकून द्या.


कुडाळची_फिजिओ | 19 मे

मी फिजिओथेरपिस्ट आहे, बरेच पेशंट झटक्यानंतरचेच असतात. सासऱ्यांना न बघता उपचार सांगणार नाही, पण "शिकलेलं राहतं कुठे" हा प्रश्न इतका मुळातला आहे की त्यावर लिहिल्याशिवाय राहवेना.

अमेरिकेत हेन्री मोलायसन म्हणून एक माणूस होता. फिट्स थांबाव्यात म्हणून 1953 मध्ये, त्याच्या 27व्या वर्षी त्याच्या मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नवीन आठवणी घडवणाऱ्या भागाचा, बराचसा भाग काढला गेला. त्यानंतर त्याच्या नवीन आठवणीच तयार होईनात, समोरचा माणूस खोलीतून बाहेर जाऊन परत आला की तो त्याला नवा. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला एक काम दिलं, कागदावरच्या दुहेरी रेषेच्या चांदणीत पेन्सिल फिरवायची, पण कागदाकडे न बघता आरशात बघून. करून बघा घरी, हात उलटाच जातो. तीन दिवस रोज दहादहा वेळा त्याने ते केलं, दर दिवशी चुका कमी होत गेल्या, तिसऱ्या दिवशी तर हात सरळ चालला. आणि त्याला हे आपण आधी कधी केलंय हेच आठवत नव्हतं! म्हणजे "मला हे माहीत आहे" आणि "मला हे करता येतं" ही मेंदूची दोन वेगळी खाती आहेत. करता येण्याचं खातं सांभाळण्यात लहान मेंदूचा मोठा वाटा, शिवाय बेसल गँग्लिया (मेंदूच्या आत खोलवर असलेले चेतापेशींचे पुंजके) आणि हालचालींचे हुकूम काढणारा मेंदूचा पृष्ठभाग. लहान मेंदू आकारानं मुठीएवढा, पण माणसाच्या मेंदूत साधारण 86 अब्ज चेतापेशी असतात त्यातल्या सुमारे 69 अब्ज एकट्या त्याच्यात.

मग वैनी, तुमच्या दोन प्रश्नांत फरक पडतो तो इथे. तुमचं पहिलं खातं भरलंय, दुसरं अजून उघडतंय. दिराचे शब्द दुसऱ्या खात्यात जातच नाहीत, तिथे फक्त पाण्यातल्या चुका जमा होतात. सासऱ्यांचं वेगळं. झटका नेमका कुठे बसला ते स्कॅन बघितल्याशिवाय सांगता येणार नाही, पण पुष्कळदा असं होतं की शिकलेलं बऱ्यापैकी जागेवर असतं, तिथून हातापर्यंत जाणारी वाट तुटते. आपल्याकडे पावसात साकव वाहून गेला की माणसं वरच्या अंगाने नवीन पायवाट पाडतात ना, तशी मेंदूतही उरलेल्या भागांतून वाट पडू शकते. पण पायवाट रोज कुणी चाललं तरच पडते.

आणि इथेच एक गोष्ट फार लोकांच्या हातून सुटते. झटक्यानंतर पहिले काही आठवडे हात खरंच चालत नाही म्हणून माणूस सगळं दुसऱ्या हाताने करायला लागतो. पुढे आजारी हातात थोडी ताकद आली तरी तो हात वापरायचाच नाही ही सवय पक्की झालेली असते. एडवर्ड टॉब या संशोधकाने हे आधी माकडांत बघितलं, आणि मग माणसांसाठी उपाय काढला की चांगल्या हातावर मऊ मोजा चढवून तो बंद ठेवायचा आणि आजारी हाताकडून रोज काही तास खरी कामं करून घ्यायची. 2006 मध्ये याचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, 222 रुग्ण, झटका येऊन 3 ते 9 महिने झालेले, दोन आठवडे हा कार्यक्रम, आणि वर्षानंतरही त्यांचा हात नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा जास्त चालत होता. तुमचे सासरे पाचव्या महिन्यात आहेत, मनगट थोडं उचलतं, बोटं थोडी उघडतात म्हणता, या उपायाला निदान तेवढं लागतंच. लगेच घरी मोजा बांधू नका प्लीज, काठी डाव्या हातात असणार, तोल जाईल. आधी जवळच्या फिजिओला दाखवा आणि विचारा.

पण चेंडू दाबणं त्यांनी सोडलं यात मला नवल वाटत नाही. चेंडू दाबून त्यांच्या आयुष्यातलं कुठलं काम होतं? जाळं मागून घेतलं ना स्वतःहून, तिथूनच सुरू करा. बसून, जाळ्याचा काठ उजव्या हाताने नुसता धरायचा, सोडायचा. नारळाची शेंडी सोलायची. गाठी सोडवायच्या. दिवसातून दहापंधरा वेळा नाही, शेकडो वेळा. आणि तांबडी माती, आशेबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे, मी कुणाला "पूर्ण बरे व्हाल" असं कधीच म्हणत नाही, म्हणू नयेच. पण पाचव्या महिन्यात दार लावून घेणं चूक आहे.


तांबडी_माती | 19 मे

मोजाचं माहीत नव्हतं. आमच्या वडिलांना कुणी सांगितलं नाही. बरं पण मग लहान मुलं इतकी झटपट कशी शिकतात, ते तरी सांगा.


कुडाळची_फिजिओ | 20 मे

झटपट शिकत नाहीत हो, आपण मोजत नाही म्हणून तसं वाटतं. अमेरिकेत कॅरन अडॉल्फ यांच्या गटाने 2012 मध्ये चालायला शिकणाऱ्या बाळांची खेळतानाची पावलं मोजली, 12 ते 19 महिन्यांची मुलं. तासाला सरासरी 2368 पावलं आणि 17 वेळा पडणं. एका तासात 17! तुम्ही सायकलवरून दोन महिन्यांत एकूण किती वेळा पडलात? वैनींची लेक आठ दिवसांत शिकली खरी, पण ती पाण्यात रोज किती तास असेल आणि वैनी किती वेळ? मोठा माणूस वीस मिनिटं सराव करतो, त्यातली दहा लोक बघताहेत का हे बघण्यात जातात.

वयाचा काहीच फरक नसतो असं म्हणत नाही. प्रतिसादाचा वेग विशीनंतर हळूहळू उतरतो, साठीनंतर स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी कमी होत जातात, पटकन जोर लावणारे तंतू आधी बारीक होतात, म्हणून म्हातारं माणूस ठेचकाळलं की सावरायला वेळ पुरत नाही. शिकायला जास्त फेऱ्या लागतात. पण शिकायची सोय बंद होत नाही.

आता वैनींचं ताठ होणं. रशियात निकोलाय बर्नस्टाईन म्हणून शास्त्रज्ञ होता, 1920च्या दशकात मॉस्कोत तो छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कामगारांचे चलतफोटो काढून सांध्यांची हालचाल मोजायचा. त्याला काय दिसलं, तर मुरलेल्या कामगाराचा हातोडा दर वेळी बरोबर जागी बसतो पण खांदा, कोपर, मनगट दर वेळी थोडे वेगळे हलतात, एकाचं चुकलं तर दुसरा सांधा सांभाळून घेतो. देवगडच्या दादांना सांगता येत नाही की त्यांनी काय वेगळं केलं, त्याचं कारण हेच असावं, ठरलेली अशी एकच हालचाल तिथे नसतेच. नवशिका काय करतो, इतके सांधे एकदम सांभाळता येत नाहीत म्हणून बरेचसे आवळून बंद करतो. मान, खांदे, कंबर, गुडघे सगळं कुलूपबंद. वैनी, तुमचं लाकूड होणं म्हणजे तुमच्यात काही कमी आहे असं नाही, सगळ्या नवशिक्यांचं शरीर असंच सुरू करतं. एकेक कुलूप उघडत जातं.

म्हणून हात-पाय मारायचं सध्या बंद करा. आधी फक्त तरंगा. छातीभर श्वास भरून तोंड पाण्यात घातलं की बहुतेकांचं शरीर तरंगतं, खाडीच्या खारट पाण्यात आणखी सोपं. डोकं वर उचललं की पाय खाली जाणारच, तराजूसारखं आहे ते. हर्णैच्या काकूंच्या सासूबाईंनी जे सांगितलं ना, बोटांकडे नको कडेकडे बघ, ते मी पेशंटना रोज सांगते. गाब्रिएले वुल्फ यांनी 1998 मध्ये स्की करायच्या (बर्फावरून घसरत जायच्या) सरावाच्या यंत्रावर हे तपासलं होतं, ज्यांना पायांकडे लक्ष द्यायला सांगितलं त्यांच्यापेक्षा पायाखालच्या फळीच्या चाकांकडे लक्ष द्यायला सांगितलेले लोक चांगले शिकले. तेव्हा तरंगताना हाताकोपराचा विचार नको, पाण्याखालची वाळू बघा, शिंपले मोजा. पुढे हात मारायला लागलात की कोपर विसरा, "पाणी मागे ढकलायचं" एवढंच.


गुहागरचे_गुरुजी | 21 मे

निवृत्त शिक्षक आहे, वय 69. साठाव्या वर्षी पखवाज हातात घेतला, आमच्या वाडीच्या भजनात वाजवणारा पोरगा मुंबईला गेला आणि भजन बंद पडायची वेळ आली म्हणून. बोटं अजिबात ऐकत नव्हती, "धा" आणि "ता" एकसारखेच निघायचे. एक गोष्ट मला लवकर कळली, रात्री तासभर घासून जे जमत नाही ते सकाळी उठल्यावर पहिल्याच झटक्यात थोडं बरं येतं. नंतर वाचनात आलं की हे खरंच तपासलेलं आहे, बोटांनी ठरावीक क्रमाने कळा दाबायच्या प्रयोगात एका रात्रीच्या झोपेनंतर लोकांचा वेग साधारण पाचव्या हिश्शाने वाढला, 2002 चा अभ्यास.

आणखी एक वाचलेलं. 2004 मध्ये जर्मनीत तरुण मुलांना तीन महिने तीन चेंडू आळीपाळीने उडवून झेलायला शिकवलं आणि आधी-नंतर मेंदूचे स्कॅन काढले, तर हलती वस्तू बघण्याच्या भागात मेंदूचा करडा थर वाढलेला दिसला. सराव थांबवल्यावर तो पुन्हा कमी झाला. पुढे 2008 मध्ये तोच प्रयोग साठीच्या आसपासच्या लोकांवर केला. तरुणांइतके चांगले झेल त्यांना जमले नाहीत, पण त्यांच्याही मेंदूत बदल दिसला. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं. मी तरुण पोरासारखा वाजवत नाही, दुगुन घेतली की दमतो, पण एकादशीचं भजन गेली आठ वर्षं चुकलेलं नाही.

वैनी, रोज थोडं थोडं करा, रविवारी तीन तास नको.


कुडाळची_फिजिओ | 21 मे

गुरुजी, नमस्कार तुम्हाला. एक भर घालते, झोपेचा तो फायदा वय वाढेल तसा कमी दिसतो असं नंतरच्या अभ्यासांत आलंय, म्हणून सकाळी फरक वाटला नाही तर कुणी नाराज होऊ नका. रोज थोडं करा हे मात्र शंभर टक्के.


खाडीकाठची_वैनी | 21 मे

तुम्हा सगळ्यांचं वाचून काल रात्री सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते हेन्रीचं दोनदा वाचायला लावलं. मोजाचं ऐकून काही बोलले नाहीत, पण सकाळी नारळ घेऊन बसले होते. सोमवारी मालवणला फिजिओकडे नेतोय.

एक विचारायचं होतं. मला पाण्यात हलकं वाटतं तसं त्यांनाही वाटेल ना? कंबरेएवढ्या पाण्यात धरून उभं केलं तर पाय आणि हात जास्त हलतील का? आणि देवगडच्या दादांचं ते अंगणात, पुळणीवर, होडीत असं वेगवेगळं मारायला लावणं, ते मुद्दाम होतं का? मला वाटलं होतं एकच गोष्ट एकाच जागी घोटून घ्यायची असते.


कुडाळची_फिजिओ | 22 मे

हलकं वाटेल, हो. तुमचा प्रश्न वाचून मला बाळांचा एक अभ्यास आठवला. नवजात बाळाला उभं धरलं की ते पावलं टाकल्यासारखं करतं, आणि दोनेक महिन्यांत ते बंद होतं. लोक म्हणायचे मेंदूने ती हालचाल दाबली. एस्थर थेलन यांनी 1984 मध्ये दाखवलं की तशा बाळाला छातीपर्यंत पाण्यात धरलं तर पावलं परत पडतात! पायांवर चरबी वाढून पाय जड झालेले असतात, ताकद तेवढी आलेली नसते, पाण्याने वजन उचललं की हालचाल तिथेच हजर. म्हणजे हालचाल दिसत नाही याचा अर्थ ती मेंदूतून गेली असा दर वेळी होत नाही. पण खाडीत नको, वैनी. चिखलात पाय रुतला, लाट आली, बीपी खाली-वर झालं, फिट आली तर? पाण्यातले उपचार असतात, ते कठडे असलेल्या तलावात, सोबत शिकलेला माणूस उभा राहून करतात. सोमवारी विचारा. घरी मात्र हात टेबलावर टॉवेलवर ठेवून सरकवायचा, वजन टेबल उचलेल, हात नुसता जाईल.

दुसरं, पडवीच्या चिऱ्याच्या पायऱ्या ते उतरत असतील तेव्हा त्यांच्याशी बोलू नका. स्वीडनमध्ये 1997 मध्ये बघितलं होतं की चालताना कुणी बोललं की जे वृद्ध थांबतात ते पुढच्या सहा महिन्यांत पडण्याची शक्यता जास्त. चालण्यावरच सगळं लक्ष लागत असतं त्यांचं. थांबू दे, बोलू दे, मग पुढचं पाऊल.

देवगडच्या दादांच्या आजोबांना माझा साष्टांग नमस्कार. 1978 च्या एका प्रयोगात मुलांना न बघता छोट्या पिशव्या खुणेवर टाकायला दिल्या होत्या. एका गटाने तीनच फुटांवरून सराव केला, दुसऱ्याने दोन आणि चार फुटांवरून, तीन फुटांवरून एकदाही नाही. परीक्षा तीन फुटांवरून घेतली तर दुसरा गट सरस! वेगवेगळ्या जागांवरून मारताना मेंदू किती जोर, किती वळण याचा हिशोब शिकतो, एकच फेक पाठ करत नाही. सरावाच्या दिवशी हे वाईट दिसतं, चुका जास्त होतात, म्हणून शिकवणारे घाबरून एकच गोष्ट घोटवतात. तरंगणं जमलं की तुम्हीही जागा बदला, खोली तेवढीच ठेवा.


देवगडचो_पागी | 22 मे

आजो मुद्दाम करायचो की नाय माका ठावक नाय. जिथे मासे तिथे जायचो, एवढंच.


खाडीकाठची_वैनी | 8 जून

उशीर झाला कळवायला. पाऊस सुरू झालाय, खाडी लाल झाली, आता गणपतीनंतरच उतरायचं.

मी तरंगले. 27 मे ला, शिंपले मोजत होते, सात मोजले आणि मग लक्षात आलं की दिराचा हात पोटाखाली नाहीये. घाबरून लगेच उभी राहिले. पण मग रोज. शेवटच्या दिवशी तोंड पाण्यात ठेवून चार-पाच हात मारून लेकीपर्यंत गेले, श्वास घ्यायचं अजून जमत नाही, तिथे अडकलंय.

सासऱ्यांना फिजिओंनी तपासलं. मोजा द्यायचा ठरला पण फक्त बसलेले असताना, दिवसातून तीन तास, चालताना काढायचा. पहिले चार दिवस खूप चिडायचे, पाणी प्यायला पण त्रास, पेला सांडायचा. मग लेकीने त्यांच्यासमोर बसायला सुरुवात केली, ती नारळाची शेंडी धरते, ते ओढतात. आता उजव्या हाताने भाकरीचा तुकडा मोडता येतो. जाळ्याचा काठ धरतात आणि बोटं सोडवून सोडतात, सोडायला अजून वेळ लागतो, धरणं सोपं आणि सोडणं कठीण आहे त्यांना. पण त्यांचं जाळं फार जड आहे, शिशाच्या गोळ्या भरपूर आहेत, मांडीवर घेतलं की हात दबतो. कुणाकडे हलकं, लहान मुलांचं असतं तसं जुनं जाळं असेल का? विकत मागतेय.


कुडाळची_फिजिओ | 8 जून

भाकरीचा तुकडा!! वाचून डोळ्यांत पाणी आलं. सोडणं कठीण असतंच, झटक्यानंतर मिटवणारे स्नायू आवळून बसतात. बोटं ओढून उघडू नका, आधी मनगट हळू खाली वाकवा, बोटं आपोआप सैल होतात, मग सोडायला सांगा. आणि खांदा दुखतोय का ते विचारत राहा, जाळं खांद्यावर घ्यायचं सध्या नको.


देवगडचो_पागी | 9 जून

वैनी, विकत कशाक? पोराक शिकवूक केलेलं लहान जाळं आहे माझ्याकडे, पोरगं आता मोठ्या जाळ्यावर गेलंय. अर्ध्या गोळ्या काढून ठेवतो, हाताला जोर येईल तशा दोन-दोन परत लावता येतील. गुरुवारी मालवण बाजाराला येतोय, दिराला सांगा स्टँडवर भेटायला, अकराच्या सुमारास.